ईदची भेट : सुरीसाठी हाताने शिवलेले म्यान

बकरी ईद जवळ आली की घरोघरी सुऱ्या बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावरच्या पेटीत पडून असलेली सुरी धारवाल्याकडे जाते, तिचा गंज निघतो, सैल झालेली मूठ घट्ट केली जाते. धार लावण्याची एवढी काळजी आपण घेतो. पण धार लावून आणलेली सुरी घरात ठेवायची कशात, याचा विचार फार थोड्या घरांत होतो. बहुतेक ठिकाणी ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवली जाते. कागद दुसऱ्या दिवशी फाटतो आणि पात्याचे टोक बाहेर येते. त्यातच ईदला घर माणसांनी भरलेले असते. लहान मुले प्रत्येक पिशवीत हात घालून बघत असतात.

आमच्या रामटेकमध्येही हेच चित्र दिसते. कुर्बानीच्या दिवशी एका घरातले काम आटोपून दुसऱ्या घराकडे निघालेल्या भाईंच्या सायकलला पिशवी अडकवलेली असते आणि तिच्यात तीन-चार सुऱ्या एकमेकींवर आपटत असतात. पिशवीला भोके पडलेली असतात, सुऱ्यांची धारही बोथट होते. म्हणून ईदला भेट काय द्यावी, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा आम्ही ठरवले की कपडे आणि अत्तर तर दरवर्षीचेच आहे, यंदा सुरीला म्यान शिवून द्यायचे. चामड्याचा एक तुकडा, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा एवढ्यावर हे काम होते. घरातल्या मोठ्यांनी आणि जाणत्या मुलांनी मिळून चार-पाच संध्याकाळी दिल्या तर सहज होते.

धारेची शिकवण आणि म्यानाची शिकवण

जनावर जिबह करताना सुरी चांगली धारदार असावी आणि जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून सांगितली जाते. सहीह मुस्लिममध्ये ती आलेली आहे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, अशीही ताकीद आहे.

याच्याच जोडीची दुसरी शिकवण मात्र घरात फारशी बोलली जात नाही. उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देऊ नये, असे पैगंबरांनी बजावल्याची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, असे बुखारीत आले आहे. आपल्या भावाकडे गमतीनेसुद्धा लोखंडी हत्यार रोखू नये, ही ताकीद तर फार कडक शब्दांत दिलेली आहे.

तलवारी आणि बाण आता आपल्या घरात नाहीत, पण सुरी आहे. ईदच्या दिवशी ती दहा जणांच्या हातांतून फिरते. कोणी अंगणातून हाक मारतो, “सुरी दे रे,” आणि एखादा पोरगा पाते पुढे करून धावत सुटतो. या शिकवणी एकत्र ठेवून पाहिल्या तर अर्थ सरळ आहे. धार जनावराचा त्रास कमी करण्यासाठी आहे आणि म्यान माणसांच्या हातापायांसाठी आहे. पहिली गोष्ट आपण पाळतो, दुसरीही पाळली पाहिजे. आपल्या घरांत विळी वापरून झाली की ती आडवी करून ठेवायची, हे मुलींना न चुकता शिकवले जाते. सुरीच्या बाबतीत तीच सवय म्यानाने लागते.

कातडे आणि चामडे

जनावराच्या अंगावरून निघते ते कातडे आणि कमावल्यावर होते ते चामडे. म्यानासाठी चामडे लागते. कमावण्याने कातड्याचे रूप किती बदलते, हे आपल्या धर्माच्या शिकवणीतही दिसते. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरच्या सेविकेला दिलेली बकरी मेली, तेव्हा तिचे कातडे वाया का घालवले, ते उपयोगात का आणले नाही, असे पैगंबरांनी विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. कमावल्याने कातडे पाक होते, असेही सांगितले गेले आहे.

चामडे कमावण्याच्या मुख्य पद्धती दोन. जुनी पद्धत झाडपाल्याची. आपल्या महाराष्ट्रात बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. सालीतला आणि फळातला तुरट अंश कातड्यात हळूहळू मुरतो आणि ते कुजायचे थांबते. याला कित्येक आठवडे लागतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच तयार होते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. दुसरी पद्धत क्रोमच्या क्षारांची. तिने चामडे थोड्या दिवसांत तयार होते, मऊ राहते, आणि बाजारातल्या पर्सेस, जाकिटे, बुटांचे वरचे भाग बहुतेक याच चामड्याचे असतात.

म्यानाला साल-हिरड्याचे चामडेच घ्यावे. त्याची कारणे दोन. ते ओले करून दाबले तर सुरीचा आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमचे चामडे मात्र पुन्हा सैल पडते. शिवाय क्रोमच्या चामड्यातले क्षार पात्याला लवकर गंज आणतात.

दुकानात ओळखायचे कसे? कापलेली कड पाहावी. आतून निळसर-राखाडी दिसली तर ते क्रोमचे आणि कड आरपार तपकिरी असेल तर बहुधा झाडपाल्याचे. रंग न दिलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. झाडपाल्याचे चामडे तो लगेच पिते आणि तिथे काळपट डाग पडतो. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असावी. बकरीचे चामडे छान असते, पण एकट्याने ते म्यानाला पातळ पडते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे. तेव्हा दुकानदाराकडून म्हशीचे चामडे मागून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. एका म्यानाला तीस सेंटिमीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद एवढा तुकडा पुरेसा होतो. चपला-बुटांचे सामान विकणाऱ्या दुकानात असे कापलेले तुकडे वजनावर मिळतात.

आमच्या कुर्बानीच्या बकऱ्याच्या कातड्याचे म्यान करता येईल का, असे मुले विचारतातच. कातडे घरी कमावणे हे सोपे काम नाही. त्याला जागा, पाणी आणि अनुभव लागतो, आणि विदर्भातल्या उन्हात ओले कातडे काही तासांत बिघडते. त्यापेक्षा कातडे निघाल्याबरोबर त्याच्या आतल्या बाजूला भरपूर खडे मीठ चोळावे. कातड्याच्या वजनाच्या निम्मे मीठ लागते असे धरून चालावे. मग ते सावलीत पसरून ठेवावे आणि मदरशाला किंवा गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थेला पोचते करावे. अलीकडच्या वर्षांत कातड्यांचे भाव फार पडले आहेत, त्यामुळे मदरशांची ही मिळकत घटली आहे. मीठ न लावलेले कातडे तर फेकूनच द्यावे लागते. पाच-दहा रुपयांच्या मिठाने ते वाचते.

हत्यारे

चर्मकाराची दोन हत्यारे आपल्या कामाची आहेत. चामडे कापायची ती रापी आणि भोके पाडायची ती आरी. ती विकत घेण्याची गरज नाही. आमच्या गावात बसस्थानकाच्या बाजूला किंवा बाजारात बसणाऱ्या चर्मकार काकांकडे एखादी दुपार जाऊन बसावे, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि आरी कशी धरायची ते शिकून घ्यावे. रापीऐवजी कागद कापायचा धारदार कटर चालतो. याशिवाय बोथट टोकाच्या दोन जाड सुया, एक मिलिमीटर जाडीचा मेण लावलेला दोरा, चपलेला लावतात ते सोल्यूशन, सँडपेपर, एक लाकडी फळी, जेवणाचा काटा आणि कागद आवळायच्या चार क्लिपा एवढे सामान जमवावे.

कृती

आम्ही सहा इंच पात्याची, मांस कापायची साधी सुरी धरून माप सांगतो. तुमची सुरी लहान-मोठी असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे. सगळे काम होईपर्यंत सुरीच्या धारेवर जाड चिकटपट्टी लावून ठेवावी.

नमुना : जाड कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारावी. सुरीची बिनधारेची पाठ त्या रेघेपासून तीन-चार मिलिमीटर दूर ठेवून सुरीभोवती पेन्सिल फिरवावी. धारेच्या बाजूला आणि टोकाला दीड सेंटिमीटर जागा जास्त सोडावी. वरच्या बाजूला म्यान मुठीवर चार सेंटिमीटर चढेल एवढी लांबी ठेवावी. मूठ पात्यापेक्षा जाड असते, म्हणून तिथे अर्धा सेंटिमीटर रुंदी आणखी द्यावी. कागद रेघेवर दुमडून दोन्ही बाजू एकदम कापाव्यात. या कागदी म्यानात सुरी घालून पाहावी. नीट बसली तरच चामड्याला हात लावावा.

कापणे : चामड्याच्या खरबरीत बाजूवर नमुना ठेवून आखावे आणि फळीवर ठेवून कापावे. एकदाच जोर लावण्याऐवजी हलक्या हाताने दोन-तीनदा पाते फिरवावे. कापणारा हात आणि धरणारा हात एका रेषेत येऊ देऊ नये.

मधली पट्टी : उरलेल्या तुकड्यातून एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापावी. ही पट्टी धारेच्या बाजूने, दोन थरांच्या मध्ये, वरपासून टोकापर्यंत जाते. म्यानाचा सगळा भरवसा या पट्टीवर असतो. ती नसेल तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते, एक-एक टाका तुटत जातो आणि एक दिवस पाते शिवणीतून बाहेर येऊन हात कापते. पट्टी असली की धार चामड्याच्या जाड भिंतीला टेकते आणि दोरा तिच्यामागे सुरक्षित राहतो.

दुमडणे आणि चिकटवणे : चामडे पाण्याने भिजवून, रंग गडद झाला की रेघेवर दुमडावे, क्लिपा लावून सावलीत वाळू द्यावे. उन्हात ठेवू नये. ते कडक होऊन दुमडीवर चिरा पडतात. वाळल्यावर पट्टी आणि दोन्ही कडांना सोल्यूशन लावावे, दहा मिनिटे थांबून दाबून चिकटवावे. मग तिन्ही थरांची कड सँडपेपरने एकसारखी करावी.

भोके : कडेपासून चार मिलिमीटर आत एक रेघ आखावी. जेवणाच्या काट्याचे दात त्या रेघेवर दाबत गेले की सारख्या अंतरावर खुणा उमटतात. पुढच्या वेळी काट्याचा पहिला दात मागच्या शेवटच्या खुणेत ठेवायचा. प्रत्येक खुणेवर आरी सरळ उभी धरून भोक पाडावे. खाली लाकडी फळी असावी, हात कधीही नको. आरी तिरकी गेली तर मागच्या बाजूची ओळ वाकडी येते. हे काम मोठ्यांनीच करावे.

शिवण : शिवणीच्या लांबीच्या पाचपट दोरा घ्यावा आणि दोन्ही टोकांना एक-एक सुई ओवावी. पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्यावा. पुढच्या प्रत्येक भोकातून एक सुई उजवीकडून आणि दुसरी डावीकडून घालावी, मग दोन्ही दोरे सारखे ओढून आवळावेत. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला तर पुढचे उसवत जातात. या दुसुती शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी तीन टाके उलटे मागे यावे आणि दोरा कापावा. शिवण हे काम दहा-बारा वर्षांची मुले मोठ्यांसमोर बसून आवडीने करतात. टोकाशी दोन टाक्यांमध्ये एक बारीक जागा मोकळी ठेवावी, म्हणजे आत पाणी गेले तर निथळून जाईल.

आकार देणे : सुरी पातळ प्लास्टिकमध्ये तीन-चार वेळा गुंडाळावी. म्यान पाण्यात बुडवून काढावे, सुरी आत घालावी आणि बाहेरून बोटांनी दाबत मुठीभोवती चामडे बसवावे. तासाभराने सुरी काढून घ्यावी आणि म्यान दोन दिवस सावलीत ठेवावे. वाळल्यावर कडेला किंचित पाणी लावून जाड कापडाने जोरात घासले की कड काचेसारखी गुळगुळीत होते. शेवटी मधमाशीचे मेण थोड्या खोबरेल तेलात वितळवून बाहेरून पातळ हात द्यावा. तेल जास्त झाले तर म्यान मऊ पडते.

पट्टा : मुठीभोवती फिरणारा एक छोटा पट्टा आणि त्याला टिचबटण लावावे. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे हा पट्टा हवाच. मग चिकटपट्टी तशीच ठेवून सुरी म्यानात घालावी, टिचबटण न लावता म्यान उलटे धरून हलवावे. सुरी आपल्या वजनाने घसरली नाही, म्हणजे म्यान जमले.

कमरपट्ट्याची कडी आम्ही लावत नाही

बाजारातल्या काही म्यानांना कमरेला अडकवायची कडी असते. आपल्या म्यानाला ती लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही सुरी स्वयंपाकघरातली आणि कुर्बानीच्या कामाची आहे. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तरीही सणासुदीला अनेक ठिकाणी मनाई आदेश लागू असतो आणि रस्त्यात उघडी सुरी दिसली की गैरसमजाला वेळ लागत नाही. आपल्या मुलांनी याची जाणीव ठेवली पाहिजे. सुरी न्यायची असेल तर म्यानात घालावी, टिचबटण लावावे, बाकीच्या सामानाबरोबर बंद पिशवीत ठेवावी आणि कामाच्या जागी पोचल्यावरच बाहेर काढावी. सुरी हातात घेऊन फोटो काढणे आणि ते मोबाइलवर पाठवणे तर पूर्ण टाळावे.

आणखी एक पथ्य. म्यान हे सुरीचे कायमचे घर समजू नये. पावसाळ्यात चामडे हवेतला ओलावा धरते आणि आतल्या पात्याला, विशेषतः साध्या लोखंडी पात्याला, गंज चढतो. ईदचे काम संपले की सुरी साबणाने धुऊन कोरडी करावी, पात्याला खाण्याच्या तेलाचे बोट फिरवावे आणि ती कोरड्या कपड्यात बांधून, कुलपाच्या कपाटात ठेवावी. म्यान वेगळे, हवेशीर जागी टांगावे. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवावे. पुढची बकरी ईद २०२७ मध्ये मेच्या मध्यावर आणि २०२८ मध्ये मेच्या सुरुवातीला येण्याची शक्यता आहे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात. तेव्हा ईदच्या आधी मेणाचा एक हात पुन्हा दिला तर चामडे तडकणार नाही.

भेट कोणाला?

आजोबांना, अब्बांना, मोठ्या भावाला हे म्यान देता येईल. सासरी गेलेल्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या सुरीलाही ते शोभेल. पण आम्ही सुचवू की एक म्यान कुर्बानीच्या कामाला दरवर्षी आपल्या घरी येणाऱ्या भाईंसाठी शिवावे. कुर्बानीचे मांस किंवा कातडे मजुरी म्हणून देऊ नये, मजुरी आपल्या पदरची वेगळी द्यावी, हा नियम हजरत अली (रजि.) यांच्या हदीसमधून आपल्याला मिळतो. तेव्हा त्यांची मजुरी पूर्ण आणि वेळेवर चुकती करावी. त्यानंतर म्यान द्यावे, ते निव्वळ भेट म्हणून. दिवसभरात आठ-दहा घरांची कुर्बानी पार पाडणाऱ्या माणसाच्या हातांची कोणी आठवण ठेवली, हे त्यांना त्यातून कळेल.

चामड्याच्या कामाला आपल्या समाजात अजूनही नाक मुरडले जाते. जातीच्या उतरंडीने चर्मकारांना दूर ठेवले आणि तो वारा आपल्या मोहल्ल्यांतही शिरला. कसाब, मोची हे शब्द आपणही कधी हिणवण्यासाठी वापरतो. इस्लामचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पैगंबर (स.) आपल्या चपला स्वतः दुरुस्त करत. तिसऱ्या हिजरी शतकातले मोठे हनफी फकीह अबू बक्र अल-खस्साफ यांनी वक्फच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. चपला शिवून ते आपले पोट भरत. ‘खस्साफ’ या शब्दाचा अर्थच चपला सांधणारा असा आहे.

घरातल्या भगिनींनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतः कातडे कमावत, चामडे शिवत आणि त्या कमाईतून सदका करत. चामड्याचे काम बायकांचे नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना हे सांगावे.

ईदच्या दोन आठवडे आधी काम हाती घ्यावे. पहिले चार दिवस नमुना, कापणे आणि शिवण यांत जातील, पुढचे दोन-तीन वाळवण्यात. हाताशी आठवडा शिल्लक राहील. त्या आठवड्यात सुरी धारवाल्याकडे पाठवावी. येईल तेव्हा तिच्यासाठी म्यान तयार असेल, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्यालाही ठाऊक असेल की सुरी मागणाऱ्याच्या हातात ती म्यानासकट, मूठ पुढे करून द्यायची असते.